ओबीएस शोधलं आणि चॅनेल गेलं

ताई, तुम्ही कळवलंत ते थोडक्यात असं. नवा लॅपटॉप घेतला, दहावीच्या गणिताचे तास रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ हवं होतं, म्हणून सर्चमध्ये नाव टाकलं. सगळ्यात वर आलेल्या निकालात पत्ताही बरोबर दिसत होता. फाईल उतरवली, उघडली, एक काळी खिडकी क्षणभर चमकून गेली आणि पुढे काहीच झालं नाही. फाईल खराब असेल असं वाटून ती क्लासमधल्या दुसऱ्या सरांना पाठवली, ‘तुमच्याकडे चालते का बघा’ म्हणून, आणि लॅपटॉप मिटला. सकाळी यूट्यूब चॅनेलचं नाव बदललेलं, समरूप त्रिकोणांच्या जागी क्रिप्टोचं थेट प्रक्षेपण चालू, मेलचा पासवर्ड लागेना. ओटीपी एकही आला नाही. अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करून सगळं स्वच्छ असल्याचं सांगितलं. नंतर तोच शोध पुन्हा केला तर वरचा तो निकाल, जी खरं तर जाहिरात होती, गायब, आणि हिस्ट्रीतला पत्ता उघडला तर केकच्या पाककृती. ‘मला भास झाला का?’ असं तुम्ही विचारलंय.

भास झालेला नाही. केकच्या पाककृतींसकट सगळं जुळतंय. का ते सांगतो, पण आधी हातातलं काम.

पहिला फोन त्या सरांना. त्यांनी फाईल उघडली नसेल तर पुसून टाकायला सांगा. उघडली असेल तर इथून पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि त्यावरून कुठेही लॉगिन करू नका. लोक घाबरून त्याच मशीनवर बसून सगळे पासवर्ड बदलतात आणि नवे पासवर्डही चोराला आयते देतात. नेट बंद ठेवूनच ब्राउझरची हिस्ट्री आणि डाउनलोडची यादी उघडा आणि मोबाईलने तिचे फोटो काढा. फाईल कोणत्या पत्त्यावरून आली ते त्या यादीत असतं. विंडोज नव्याने टाकल्यावर हा पुरावा राहणार नाही.

मग मोबाईल घ्या. त्यावर मेल अजून उघडी असेल तर नशीब. नसेल तर खातं परत मिळवण्याचा अर्ज त्याच मोबाईलवरून आणि तुमच्या नेहमीच्या घरच्या वायफायवरून भरा, कारण ओळखीचं उपकरण आणि ओळखीची जागा याला तिथे वजन असतं. खातं हाती आलं की सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट, मग नवा पासवर्ड. त्यानंतर चार ठिकाणं तपासा: रिकव्हरीचा फोन नंबर आणि मेल बदललेत का, मेल दुसरीकडे फॉरवर्ड होतेय का, एखादा फिल्टर बँकेच्या मेल परस्पर कचऱ्यात टाकतोय का, आणि कोणत्या अनोळखी ॲपला खात्याची परवानगी दिली आहे का. फिल्टरचं लोक हमखास विसरतात. चॅनेलच्या व्यवस्थापकांच्या यादीत कुणी नवीन घुसलंय का, तेही पाहा.

मेलनंतर बँक. पैसे गेले असतील किंवा जाताना दिसत असतील तर क्षणभर न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. काही गेलं नसेल तरी नेटबँकिंगचा पासवर्ड बदला. मग ब्राउझरने जे जे लक्षात ठेवलं होतं ते सगळं. तुम्ही म्हणता, लॅपटॉप नवा होता, त्यात होतं काय? पण नव्या लॅपटॉपवर तुम्ही ब्राउझरमध्ये साइन इन केलंत, आणि सिंक चालू असल्यामुळे दहा वर्षांत जुन्या मशीनवर आणि मोबाईलवर साठवलेले पासवर्ड पाच मिनिटांत तिथे हजर झाले. लाईट बिलापासून मुलाच्या शाळेच्या पोर्टलपर्यंत. त्यामुळे नवा लॅपटॉप म्हणजे रिकामा लॅपटॉप असं समजू नका.

शेवटी विंडोज नव्याने टाका. दुरुस्ती नको, क्लीनर नको. तुमच्या कामाचे पीडीएफ, फोटो, प्रश्नपत्रिका एवढंच काढून घ्या. कुठलाही इन्स्टॉलर जपून ठेवू नका. विंडोज ११ नव्याने टाकल्यावर सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ‘स्मार्ट ॲप कंट्रोल’ चालू आहे ना ते बघा. अनोळखी, बिनसहीच्या (म्हणजे निर्मात्याची डिजिटल सही नसलेल्या) प्रोग्रॅमला ते दारातच अडवतं. कधी एखादा भोळाभाबडा प्रोग्रॅमही अडवतं, पण तुमच्या कामाला तेवढं चालेल.

आता ओटीपी. दुहेरी पडताळणी असून खातं गेलंच कसं, हा प्रश्न तुम्ही एकट्याच विचारत नाही. जत्रेतल्या सर्कशीच्या दारात तिकीट दाखवलं की हातावर शिक्का मारतात. मग मध्येच भेळ खायला बाहेर जाऊन या, तिकीट कुणी विचारत नाही, शिक्का पाहून आत सोडतात. लॉगिनचं तसंच आहे. पासवर्ड आणि ओटीपी हे तिकीट. ते एकदा दाखवलं की साईट तुमच्या ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवते, आणि पुढचे कित्येक दिवस त्या शिक्क्यावरच तुम्हाला आत सोडते. तुमच्या लॅपटॉपवर चाललेल्या प्रोग्रॅमने हा शिक्काच उचलून नेला. चोर दारातून आला नाही, म्हणून दारावर तिकीट विचारलं गेलं नाही आणि ओटीपीही आला नाही.

अशा प्रोग्रॅमला आमच्या धंद्यात ‘स्टीलर’ म्हणतात. रेडलाइन, व्हिदार, लुमा ही त्यातली गाजलेली नावं. काळी खिडकी चमकून गेली त्या मिनिटभरात तो ब्राउझरचे साठवलेले पासवर्ड, कुकी, ऑटोफिल, क्रिप्टो वॉलेट, टेलिग्रामची फाईल, डेस्कटॉपवरची कागदपत्रं असं सगळं गोळा करतो, एका पुडक्यात बांधतो, पाठवून देतो, आणि बरेचदा स्वतःला पुसून टाकतो. म्हणून दुसऱ्या दिवशी अँटिव्हायरसला काही सापडलं नाही. घर धुऊन चोर निघून गेल्यावर कपाटामागे शोधण्यासारखं ते स्कॅन होतं. याला ॲडमिनचे हक्कही लागत नाहीत. ‘आमच्याकडे सगळे साध्या युजरनेच काम करतात’ असं मला ऑफिसवाले अभिमानाने सांगतात. चांगलंच आहे, पण तुमच्या कुकी तुमच्याच हक्कात असतात. त्या चोरायला तुमचे हक्क पुरेसे आहेत.

क्रोमने जुलै २०२४ मध्ये, १२७ व्या आवृत्तीपासून, विंडोजवर कुकीला जास्तीचं कुलूप लावलं. दोनएक महिन्यांत स्टीलरवाल्यांनी ते उघडायच्या युक्त्या काढल्या. कारण हा धंदा हौशी पोरांचा राहिलेला नाही. स्टीलर महिन्याच्या भाड्याने मिळतो, केबलच्या कनेक्शनसारखा. लिहिणारा वेगळा, जाहिराती लावून गिऱ्हाईक आणणारा वेगळा, आणि चोरलेली पुडकी विकत घेणारा तिसराच. तुमचं चॅनेल ज्याने पळवलं त्याने कदाचित तुम्ही दाबलेली जाहिरात पाहिलीही नसेल. त्याने फक्त ‘चालू चॅनेल असलेलं पुडकं’ विकत घेतलं असेल. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि युरोपोल (युरोपची पोलीस संस्था) वगैरेंनी मिळून लुमाचं जाळं मोडलं. त्या आधीच्या दोन महिन्यांत जगभरात सुमारे ३ लाख ९४ हजार विंडोज मशीन त्याने बाधित झाल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. काही आठवड्यांत लुमा परत दिसू लागला.

बरं, फाईल उतरताना अँटिव्हायरस गप्प का बसला? तुमच्या फाईलचा आकार मला बघायला आवडेल. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर जिम्प या फुकट चित्र-संपादकाच्या नावाने अशीच जाहिरात आली होती. तिच्यातून मिळणारी फाईल ७०० एमबीची होती, आणि त्यातला खरा प्रोग्रॅम ५ एमबीच्याही आत. बाकी सगळा भुसा. याचं कारण असं, की मोठ्या फाईली तपासण्यात वेळ जातो म्हणून कित्येक स्कॅनर त्या सोडून देतात. व्हायरसटोटलसारख्या तपासणी साईटवरही ६५० एमबीच्या वरची फाईल चढवता येत नाही. आणि भुसा एकसारखा असल्यामुळे झिप केली की सगळं पुन्हा एवढंसं होतं, उतरवायला जड जात नाही. दुसरी चाल पासवर्ड लावलेल्या झिपची: पासवर्ड पानावरच ठळक लिहिलेला असतो, तुम्ही तो टाकता, स्कॅनरला मात्र आत डोकावता येत नाही. तिसरी चाल म्हणजे विकत किंवा चोरून घेतलेल्या प्रमाणपत्राची सही. सही असली की विंडोजचा इशाराही सौम्य होतो. काही भामटे तर खरं सॉफ्टवेअरही सोबत टाकून देतात. तुमचं काम होतं, संशयही येत नाही. तुमच्याकडे काही उघडलं नाही म्हणून तुम्हाला निदान खटकलं तरी.

आता जाहिरात. मूळ दुखणं इथेच आहे.

वर्तमानपत्रात छोट्या जाहिरातींच्या पानाखाली एक ओळ असते, की मजकुराची खातरजमा वाचकांनी स्वतः करावी, वर्तमानपत्र जबाबदार नाही. ती वाचायची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. बातमी कुठली आणि जाहिरात कुठली हे आजीलाही कळायचं. सर्चच्या पानावर मात्र जाहिरातीला बातमीचेच कपडे घातलेले असतात. तोच टाइप, तसंच छोटं चिन्ह, तसाच निळा मथळा, आणि वर नुसतं ‘प्रायोजित’. पूर्वी तिथे निदान ‘जाहिरात’ लिहायचे. प्रायोजित म्हटलं की गणेशोत्सवाच्या कमानीवरचं नाव वाटतं; भाड्याने दिलेली जागा आहे असं कुणाच्या मनात येत नाही.

ही जागा लिलावाने जाते. ‘ओबीएस डाउनलोड’ या शब्दांवर कुणी बोली लावली, तर त्याचं दुकान खऱ्या ओबीएसच्याही वर. एरवी शूज किंवा विमा शोधला तर खऱ्या कंपन्या एकमेकींवर बोली लावतात आणि भुरट्याला जागा महाग पडते. पण ओबीएस, व्हीएलसी, ७-झिप, जिम्प ही स्वयंसेवकांनी किंवा छोट्या संस्थांनी चालवलेली फुकट सॉफ्टवेअर. आपल्याच नावावर जाहिराती विकत घ्यायला त्यांच्याकडे ना पैसे ना गरज. म्हणजे लिलावात समोर कुणी उभंच नाही. याचा उलटा फायदा तुम्हाला घेता येतो: फुकट सॉफ्टवेअरच्या नावावर जाहिरात दिसली तर पहिला प्रश्न हा, की फुकट वाटायच्या वस्तूवर पैसे कोण आणि का खर्च करतंय? मी माझ्या गिऱ्हाइकांना एवढं एकच वाक्य पाठ करायला लावतो.

पण पत्ता तर बरोबर दिसत होता! हो. जाहिरातीखाली दिसणारा पत्ता हा जाहिरातदाराचा दावा असतो. नियम असा, की दिसणारा पत्ता आणि पोहोचण्याचा पत्ता एकाच साईटचा हवा. पण मध्ये क्लिक मोजणारे टप्पे घालायची सोय असते, कारण खऱ्या जाहिरातदारांना कुठून किती लोक आले ते मोजायचं असतं. भामटे त्याच फटीतून घुसतात. जिम्पच्या जाहिरातीवर जिम्प डॉट ऑर्ग लिहिलं होतं आणि क्लिक केल्यावर लोक जिलिम्प डॉट ऑर्गवर जात होते. जानेवारी २०२५ मध्ये मॅकवर होमब्रू (सॉफ्टवेअर बसवायचं अवजार) शोधणाऱ्यांना जाहिरातीत खरा ब्रू डॉट एसएच हा पत्ता दिसत होता, आणि उघडणाऱ्या पानाच्या पत्त्यात ‘ब्रू’च्या शेवटी एक ‘ई’ जास्त होता. तिथे दिलेली एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवली की मॅकवरचा स्टीलर आत. ‘मॅकला व्हायरस लागत नाही’ म्हणणारे माझे दोन मित्र त्यानंतर बरेच शांत झालेत.

ऑक्टोबर २०२३ चं कीपासचं प्रकरण तर आणखी बारीक कामाचं. कीपास म्हणजे पासवर्ड सांभाळायची तिजोरी. जाहिरातीत पत्ता खरा. उघडलेल्या पानाचा पत्ताही जवळजवळ खरा. फक्त पहिल्या ‘के’ या रोमन अक्षराच्या पायाशी स्वल्पविरामासारखी एक खूण. ते लॅटव्हियन भाषेतलं वेगळंच अक्षर आहे आणि अशी अक्षरं वापरून साईटचं नाव नोंदवता येतं. स्क्रीनवर तो ठिपका धुळीसारखा दिसतो. मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी ते शोधून काढलं. ‘पत्ता नीट बघा’ हा सल्ला देणाऱ्यांना मी हे उदाहरण दाखवतो. कायम बघाच, पण बघून वाचालच याची हमी नाही.

आता तुमच्या केकच्या पाककृती. जाहिरात मंजूर करताना तपासणारी यंत्रणा त्या पत्त्यावर जाते तेव्हा तिला एक निरुपद्रवी साईट दाखवतात: पाककृती, बागकाम, प्रवासवर्णन, काहीही. तुम्ही जाहिरातीवर क्लिक करून जाता तेव्हा पत्त्याला क्लिकची एक खूण चिकटलेली असते. ती खूण, तुमचं गाव, विंडोज आहे का, घरगुती कनेक्शन आहे का, पहिल्यांदाच येताय का, असं सगळं पाहून सर्व्हर ठरवतो, की या पाहुण्याला नकली ओबीएस दाखवायचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही हिस्ट्रीतून थेट गेलात. तुम्ही त्यांच्या लेखी तपासनीस झालात आणि तुम्हाला केक मिळाला. गार्डिओ या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये हीच पद्धत उलगडून दाखवली होती: निरुपद्रवी साईटवर जाहिरात, आणि हव्या त्याच पाहुण्याला मागच्या दाराने नकली पानावर. म्हणून पोलिसांकडे किंवा जाणकाराकडे गेल्यावर ‘मॅडम, इथे तर काहीच नाही’ असं ऐकायला लागतं. डाउनलोडच्या यादीचा फोटो काढायला सांगितला तो यासाठी.

मग हे थांबवत का नाहीत? थांबवतात, पण पुरत नाही. गूगलच्याच अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये त्यांनी ५१० कोटी जाहिराती काढल्या किंवा अडवल्या आणि जाहिरातदारांची ३ कोटी ९२ लाख खाती बंद केली. आकडा ऐकून कौतुक वाटावं की धडकी भरावी, ते मला ठरवता येत नाही. जाहिरातदारांची ओळख पडताळतात, पण चोर स्वतःच्या नावाने येतच नाही. तो कुठल्यातरी खऱ्या व्यवसायाचं जुनं, पडताळलेलं जाहिरात-खातं चोरतो. आणि ते मिळतं कुठून? अशाच स्टीलरच्या पुडक्यातून. म्हणजे एकाची चोरी ही पुढच्या चोरीचं भांडवल. जुलै २०२४ मध्ये गूगलच्याच, ओटीपी देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपची नकली जाहिरात गूगलवर आली. पत्ता गूगल डॉट कॉम दिसत होता, जाहिरातदार ‘पडताळलेला’ होता, आणि फाईल गिटहब या कोड ठेवायच्या साईटवर ठेवली होती. घरच्याच वस्तूची नकली जाहिरात ज्यांच्या नजरेतून सुटते, तिथे आपण डोळे मिटून विसंबू नये. माझं स्पष्ट मत विचाराल तर सॉफ्टवेअर उतरवण्याच्या शोधावर जाहिराती बंदच ठेवल्या तर कुणाचं फारसं बिघडणार नाही. पण तो निर्णय माझ्या हातात नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘मूर्खपणा केला’. ते मला मान्य नाही. पासवर्डची काळजी घेणारा माणूसच कीपास शोधतो, आणि तिथेच गळ टाकलेला होता. मार्च २०२४ मध्ये पुट्टी आणि विनएससीपीच्या नकली जाहिराती चालू होत्या. ही दोन्ही सर्व्हर सांभाळणाऱ्यांची अवजारं. म्हणजे गळाला लागणारा माणूस कंपनीच्या सगळ्या चाव्या बाळगणारा. रॅपिड७ या सुरक्षा कंपनीने पाहिलेल्या एका प्रकरणात त्या वाटेने शेवटी रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, चालवायचा प्रयत्न झाला. मे २०२५ मध्ये फिनलंडच्या विथसिक्युअर या सुरक्षा कंपनीने सांगितलेलं प्रकरण त्याहून वाईट: कीपासचा मूळ कोड उघडाच असतो, तो घेऊन, त्यात चोरी घालून, नीट चालणारं कीपास बनवलेलं. तिजोरी उघडत होती, पासवर्ड साठवत होती आणि सगळी यादी बाहेर जात होती. शेवट सर्व्हर कुलूपबंद होण्यात झाला.

मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात २१ वर्षं छोट्या ऑफिसांचे संगणक सांभाळतोय आणि पुट्टीच्या जाहिरातीवर माझंही बोट जाता जाता राहिलंय. रात्रीचे ११, गिऱ्हाइकाचा सर्व्हर बंद, मालक मागे येरझाऱ्या घालतोय. अशा वेळी माणूस वाचत नाही, पहिलं दिसेल ते दाबतो. त्या रात्री इंटरनेट रडत होतं म्हणून पान उघडायला वेळ लागला आणि तेवढ्यात ‘प्रायोजित’ दिसलं. हुशारीने वाचलो नाही, बीएसएनएलच्या कृपेने वाचलो म्हणा.

याच जातीचा एक चुलतभाऊ आपल्याकडे जास्त फिरतो: प्रिंटरचा ड्रायव्हर. एका अकाउंटंटच्या ऑफिसात नवा प्रिंटर आला, पोराने ड्रायव्हर शोधला, वरच्या जाहिरातीवर गेला. पानावर ‘इन्स्टॉल होत आहे’ची पट्टी ९० टक्क्यांपर्यंत सरकली आणि लाल अक्षरात एरर, खाली ‘मदतीसाठी’ फोन नंबर. ती पट्टी म्हणजे नुसतं चित्र होतं, काहीही इन्स्टॉल होत नव्हतं. फोनवरच्या गोड माणसाने दूरून स्क्रीन ताब्यात घेतला आणि ‘वार्षिक सपोर्ट’चे पैसे घेतले. मी गेलो, केबल लावली, विंडोजने स्वतःच ड्रायव्हर घेतला.

पुढचं आता सवयीबद्दल. सावध राहा, लक्ष द्या, हे सल्ले मी देणं बंद केलंय. दिवसभर तास घेऊन थकलेल्या माणसाचं लक्ष रात्री १० वाजता कुठून असणार? त्यापेक्षा वाटच बदला: सॉफ्टवेअर सर्चमध्ये शोधायचंच नाही.

विंडोज ११ मध्ये, आणि अद्ययावत विंडोज १० मध्येही, विनगेट नावाची सोय आधीच असते. स्टार्टमध्ये ‘टर्मिनल’ उघडा, ‘विनगेट’, ‘सर्च’ आणि सॉफ्टवेअरचं नाव असं रोमन लिपीत लिहा. यादी येते. त्यातला आयडी उचलून ‘विनगेट इन्स्टॉल’ पुढे लिहिलं की ते निर्मात्याच्या नोंदवलेल्या पत्त्यावरून फाईल आणतं आणि तिचा ठसा नोंदीशी जुळतो का ते तपासून मगच बसवतं. मध्ये जाहिरात नाही, ‘डाउनलोड’ची फसवी हिरवी बटणं नाहीत. यादीत नावासारखी नावं असू शकतात, म्हणून आयडीमध्ये निर्मात्याचं नाव बघा. ओबीएसला ओबीएसप्रोजेक्ट असतं. काळ्या पडद्याची भीती वाटत असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर वापरा. तेही देवघर नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये लेजर या क्रिप्टो वॉलेटचं नकली ॲप खुद्द तिथे सापडलं होतं आणि लोकांचे पैसे गेले. पण सर्चच्या लिलावापेक्षा तिथे शंभरपट बरं.

स्टोअरमध्ये न मिळणारी गोष्ट असेल तर निर्मात्याचा पत्ता स्वतः टाइप करा. तुमच्या कामाची सात-आठ सॉफ्टवेअर असतील. एकदा खात्री करून त्यांचे पत्ते बुकमार्क करून ठेवा. ओबीएसचा ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम, व्हीएलसीचा व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. पत्ता आठवत नसेल तर त्या सॉफ्टवेअरच्या विकिपीडियावरच्या लेखात उजवीकडच्या चौकटीत असतो. खऱ्या साईटवर गेल्यावरही पानातल्या मोठ्या हिरव्या ‘डाउनलोड’ बटणांपासून जपा. ती बरेचदा पानातल्या जाहिराती असतात आणि खरा दुवा खाली बारीक अक्षरात असतो.

जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन टाका. एरवी मी हा आग्रह धरला नसता, कारण लिहिणाऱ्यांचं पोट जाहिरातींवर चालतं. पण अमेरिकेच्या एफबीआयने २१ डिसेंबर २०२२ ला काढलेल्या सूचनेत, सर्चमधल्या नकली जाहिरातींपासून बचाव म्हणून, नागरिकांना हेच सांगितलंय. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन पूर्ण चालतं. क्रोमवर त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते, तीही या कामाला पुरते. अर्थात तेही सर्चमध्ये शोधून नाही, ब्राउझरच्या एक्स्टेन्शनच्या दुकानातूनच घ्या.

आणि ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवायला सांगणं बंद करा, निदान बँकेचे आणि मुख्य मेलचे तरी. चॅनेल ज्या खात्यावर आहे ते खातं रोजच्या ब्राउझिंगपासून वेगळं ठेवा: वेगळा युजर, काम झालं की लॉगआउट. लॉगआउट केलं की तो हातावरचा शिक्का बाद होतो. शिल्लक न ठेवलेली कुकी कुणाला चोरता येत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, की मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअरही टाकायचं होतं, ते कुठून घेऊ. बरं झालं विचारलंत, कारण सापळा तिथेही आहे. गूगलच्या इनपुट टूल्सचा विंडोजवरचा इन्स्टॉलर गूगलने कधीच मागे घेतला, पण त्याच नावाच्या फाईली वाटणाऱ्या साईट शोधल्यात तर ढिगाने मिळतील. त्यातली एकही गूगलची नाही. तुम्हाला काहीच उतरवायला नको. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. सेटिंगमध्ये ‘वेळ आणि भाषा’, तिथे मराठी ही भाषा जोडा, तिच्या पर्यायांत कीबोर्ड म्हणून ‘मराठी फोनेटिक’ निवडा. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं, आणि रोमन अक्षरांत त्रिकोण लिहिलंत की पडद्यावर ‘त्रिकोण’ उमटतो.